कडूबाईची बाज

एकोणीस हंगाम उसाच्या फडात जमिनीवर झोपून काढल्यावर कडूबाईनं ठरवलं, की विसावा हंगाम जमिनीवर झोपायचं नाही. हे तिनं भाकरी थापता थापता ठरवलं आणि तिथल्या तिथं नवऱ्याला सांगितलं. लिंबाजी म्हणाला, "बरं." तो कशालाही बरं म्हणायचा आणि मग काही करायचा नाही, त्यामुळं त्याच्याशी संसार करणं तसं सोपं होतं.

ही गोष्ट ब्याऐंशी सालची. पालमच्या पुढं माळावर त्यांचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव कुलपं लावून गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठाला, ऊस तोडायला जायचं. तिकडं सहा महिने राहायचं म्हणजे उघड्या रानात बांबू-चटयांची कोपी उभी करायची आणि तिच्यात पाचट पसरून झोपायचं. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. लांबून बघणाऱ्याला तो मऊ वाटतो. जवळून त्याच्या कडा कातडी कापतात, कुसळं अंगात शिरतात, आणि खालच्या काळ्या रानाची ओल पहाटेपर्यंत हाडात उतरते. तरण्या माणसाला हे कळत नाही. कडूबाई आता चाळिशीच्या पुढं गेली होती.

मागच्या हंगामात तर सकाळी तिला सरळ उठताच येत नव्हतं. आधी कुशीवर व्हायचं, मग गुडघ्यांवर यायचं, मग कोपीचा मधला बांबू धरून चढत चढत वर जायचं. माघ महिन्यात एका पहाटे बांबू तिच्या हातात आला आणि सगळी कोपी लिंबाजीच्या अंगावर पडली. लिंबाजी जागा झाला नाही. बाहेरून लोकांनी चटया उचलल्या तेव्हा तो घोरत होता.

"खंडोबाला नवस बोल," लिंबाजीनं सुचवलं.

"देव जन्मभर घोड्यावर," कडूबाई म्हणाली. "पाठ टेकायची काय आसती ते त्याला काय ठावं?"

आणि ती ताडकळसच्या बाजाराला निघाली. लिंबाजी पिशवी घेऊन मागं.

ताडकळसला बाजाराच्या कडेला महेबूब पिंजारी गाद्या घेऊन बसायचा. म्हातारा, दाढीत कापूस अडकलेला, त्यामुळं दाढी किती आणि कापूस किती ते सांगता यायचं नाही. त्याच्यासमोर तीन गाद्या अंथरलेल्या होत्या. कडूबाईनं चपला काढल्या, पदर खोचला आणि पहिल्या गादीवर सरळ आडवी झाली.

बाजारात बाई अशी उताणी झोपलेली लोकांनी पाहिली नव्हती. भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. लिंबाजी वीस पावलं मागं सरकला आणि एका ढिगातले कांदे निरखू लागला. कुणी विचारलंच असतं तर ही बाई कोण ते त्याला माहीत नव्हतं.

"बाई, गादी हातानं दाबून बघत्यात," पिंजारी म्हणाला.

"मी काय हातावर झोपते का चाचा?"

पिंजाऱ्याला हे पटलं. त्यानं आपली चंची काढली आणि तिला निवांत झोपू दिलं. कडूबाई उताणी झाली, डाव्या कुशीवर झाली, उजव्या कुशीवर झाली. मग दुसऱ्या गादीवर गेली. तिथंही तसंच. तिसरीवर तिचा डोळा लागला.

उठल्यावर ती म्हणाली, "ही द्या."

"कुठं घालणार?"

"फडात. उसाच्या."

पिंजाऱ्यानं मान हलवली. "झूठ कायकू बोलू बाई. फडात ही गादी आठ रोज. दहिवर पिणार, ओल पिणार, कापूस गोळा होऊन दगड होणार. मग मला शिव्या देणार तुमी." त्यानं पान चघळलं. "कडब्यानं पोतं भरलं तर उंदरं येणार. भुसा भरला तर पिसवा. काथ्याची चटई घेतली तर जमीन हाय तिथंच हाय. तुमचं भांडण गादीसंगं न्हाई, जमिनीसंगं हाय. जमिनीवरून उठा. घरी बाज हाय का न्हाई?"

बाज होती. बाभळीची, चार भक्कम पायांची, कडूबाईनं स्वतः अंबाडीची सुतळी वळून विणलेली. विणकाम तिला माहेरी बापानं शिकवलं होतं. फक्त त्या बाजेवर दिवसभर लिंबाजी पडलेला असायचा, म्हणून ती बाज आपल्याही कामाची आहे हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

गाडीत बसताना तिनं पिंजाऱ्याला हात जोडले. एकही गादी न विकता त्यानं दिलेला सल्ला तिला पुढं बरेच दिवस आठवत राहिला.

बाज फडावर न्यायची तर आता प्रश्न टोळीच्या मुकादमाचा. सूर्यभान त्यांच्याच भावकीतला, लिंबाजीपेक्षा चार वर्षांनी लहान. पूर्वी तोही कोयता चालवायचा. मुकादम झाल्यापासून त्यानं फेटा बांधायला आणि उशिरा उत्तर द्यायला सुरुवात केली होती. कडूबाईला तो एरवी 'कडूबाई' म्हणायचा, आणि काम असलं की 'वैनी'.

"बाज?" तो बऱ्याच वेळानं म्हणाला. "आपुन लग्नाला चाललाव का?"

"लग्नाला तर दोनच दिस जात्यात. हितं सहा म्हैने जायचंय."

"ट्रकात दहा जोड्यांचा संसार मावायचाय. एक पोतं, एक ट्रंक, भांडी, कोपीचं सामान. बस." मग त्याला खरी शंका आली. "बाजेवर झोपणार कोण? लिंबाजीदादा?"

"मी."

सूर्यभाननं फेटा सोडून पुन्हा बांधला. हा वेळ मात्र त्यानं मुद्दाम घेतला नव्हता. "टोळीत मीसुदिक खाली झोपतो," तो म्हणाला. "मुकादम खाली अन् बाईमाणूस बाजेवर. कसं दिसंल ते?"

"डोळे झाकून झोपल्यावर कायबी दिसत न्हाई," कडूबाई म्हणाली. पण सूर्यभाननं बाज न्यायची नाही म्हणून सांगितलं, आणि लिंबाजी म्हणाला, "बरं."

निघायच्या आदल्या दिवशी कडूबाईनं बाजेची सुतळी उसवली आणि तिचा गुंडा केला. चौकटीच्या चारी दांड्या कोपीच्या बांबूंत बांधल्या. बाजेचे चार पाय ज्वारीच्या पोत्यात खुपसले, वरून ज्वारी ओतली आणि पोत्याचं तोंड शिवलं. सकाळी ट्रक भरला तेव्हा कुणाला काही कळलं नाही. लिंबाजीलाही नाही. घरी बाज दिसत नाही एवढंच त्याच्या ध्यानात आलं, आणि ती आपण कुठं ठेवली ते तो ट्रकात बसून आठवत राहिला.

गंगाखेडात ट्रक अडकला. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघाला होता, रस्ता भरलेला होता. ड्रायव्हर इंजिन बंद करून चहाला गेला. उन्हात ट्रक तापायला लागला तेव्हा सूर्यभान केबिनमधून उतरून मागं आला आणि सावली बघून एका पोत्यावर बसला. ते पोतं नेमकं कडूबाईचं होतं.

बसला तसाच तो उठला.

"ह्यात काय हाय?"

"जवारी."

सूर्यभाननं पोतं चाचपलं. ज्वारीला तीन इंच जाडीचा आणि दीड हात लांबीचा दाणा नसतो, हे त्याला शेतकरी म्हणून माहीत होतं. "हे काय लागायलंय हाताला?"

"खुटे हायेत. बैल बांधायला."

"तुमच्याकडं बैल कुठाय?"

"मग ह्यांना बांधीन," कडूबाईनं लिंबाजीकडं हनुवटी केली.

ट्रकातल्या वीस माणसांना हसू आवरलं नाही. तानुबाई तर हसताना बन्सीधरच्या अंगावर पडली, आणि बन्सीधर तिचा नवरा नव्हता, म्हणून लोक आणखी हसले. एवढ्या हसणाऱ्या माणसांसमोर पोतं फोडून ज्वारीतून बाजेचे पाय काढणं सूर्यभानला जड गेलं. तो केबिनमध्ये जाऊन बसला. मोर्चा गेला आणि ट्रक निघाला.

फड गंगेच्या काठाला होता. पोहोचल्याबरोबर बाकीच्यांनी कोप्या उभ्या करायला घेतल्या. कडूबाईनं आधी बाज जोडली, दिवस मावळेपर्यंत ती विणली, ताणून बघितली, आणि मग तिच्यावर कोपी उभी केली. कोपी बुटकी, बाज उंच. आत सरळ बसता यायचं नाही, नुसतं सरपटत शिरून आडवं व्हायचं. तिला तेवढंच पाहिजे होतं.

पहिल्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट तिला कळली. थंडी वरून येते तशी खालूनही येते. बाजेखालून वारं जायचं आणि सुतळीतून पाठीला डसायचं. मग तिनं सुतळीवर दोन रिकामी पोती घातली, त्यावर पाचटाचा पातळ थर, त्यावर वाकळ. पाचट जमिनीपासून उंच आणि कोरडं असलं की बोचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि दारात येऊन उभी राहिली, तेव्हा आपण बांबू धरला नाही हे तिच्या लक्षात आलं. ती परत आत गेली, पुन्हा झोपली आणि पुन्हा उठली. खात्री करून घेतली. मग चुलीपाशी बसून थोडा वेळ उगीच रडली, आणि धुरानं डोळे झोंबले म्हणून सांगितलं.

लिंबाजी बाजेखाली पाचटावर झोपायचा. कडूबाईनं त्याला वर बोलावलं होतं, पण बाज एकाची होती आणि लिंबाजी दीड माणसाएवढा. त्याला खाली काही त्रास नव्हता. त्रास लोकांचा होता. बन्सीधरनं परभणीला दोन वर्षं इमारतीच्या कामावर गवंड्याच्या हाताखाली काढली होती. त्यानं लिंबाजीचं नाव 'तळमजला' पाडलं. "तळमजला, विडी हाय का?" "तळमजला, कोयता घासला का?" लिंबाजी बरं म्हणून विडी द्यायचा.

बायकांचं मात्र वेगळं झालं. आधी तानुबाई आली. म्हणाली, "बघू, कसं लागतंय." दुपारच्या भाकरीनंतर आडवी झाली आणि तिला उठवता उठवेना. मग चतुराबाई आली. तिचं तिसरं लेकरू पाच महिन्यांचं होतं, आणि त्याला पाजताना पाठ टेकायला मिळणं ही गोष्ट तिला एवढी नवी होती की ती बाजेवर पडल्या पडल्या कडूबाईकडं बघून नुसती हसत राहिली. आठ दिवसांत दुपारच्या पाळ्या लागल्या. बाज कोपीतून बाहेर काढून बाभळीखाली ठेवायची, आणि एकेकीनं पाव तास पडायचं. पाव तास मोजायला कुणाकडं घड्याळ नव्हतं, म्हणून बाभळीची सावली बाजेच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत सरकली की उठायचं असं ठरलं. बायका सावलीशी भांडायच्या, आपसात भांडायच्या नाहीत.

मोळ्या बांधायला उशीर व्हायला लागला. फार नाही, पण सूर्यभानला दिसेल एवढा. तो बांधावर उभा राहून बाभळीकडं बघायचा. तिथं एक बाई बाजेवर, पाच बायका भोवती बसलेल्या, आणि हसणं चाललेलं. हसणं आपल्यावरच असेल असं त्याला वाटायचं. अर्ध्या वेळा ते खरंही असायचं.

एक दिवस तो लिंबाजीला गाठून म्हणाला, "दादा, उद्या कारखान्याचे शेतकी साहेब यायलेत, दिनकरराव. त्यास्नी बसायला कायतरी पायजे. बाज आणून ठिवा मपल्या कोपीपाशी."

लिंबाजी म्हणाला, "बरं." कडूबाई पाण्याला गेली होती तेवढ्यात त्यानं स्वतः बाज डोक्यावर घेतली आणि नेऊन दिली.

दिनकरराव आले, बाजेच्या कडेला दोन मिनिटं टेकले, चहा अर्धा पिऊन गेले. बाज काही परत आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सूर्यभानच्या कोपीत ती बसत नव्हती, म्हणून त्यानं एक बाजू उघडी ठेवून बाज अर्धी आत, अर्धी बाहेर लावली आणि वर पाय ताणून पडला.

कडूबाईनं नवऱ्याला विचारलं, "साहेब आलता का?"

"हाव."

"गेला का?"

"हाव."

"मग बाज कामून न्हाई आली?"

लिंबाजीनं खाली बघितलं. "मुकादमाला कसं म्हणायचं?"

"मला इचारायचं होतं. बाज मपली हाय. सुतळी मी वळली, मी इणली. तुमी ती डोक्यावर घिऊन गेलाव. मी मेल्यावर तिरडीसुदिक द्याल कुणी मागितली तर."

यावर बरं म्हणता येत नव्हतं. लिंबाजीनं उठून पाचटाचे दोन भारे आणले, त्यातला मऊ मऊ पाला निवडला, एकेक काडी वेगळी केली, आणि तिच्यासाठी गुडघाभर उंच थर घातला. कडूबाई त्यावर झोपली. सकाळी थर बसून चार बोटं राहिला होता आणि तिचा हात पुन्हा बांबूकडं गेला. लिंबाजीनं ते पाहिलं. त्या दिवशी बन्सीधरनं त्याला 'तळमजला' म्हणून हाक मारली तर त्यानं विडी दिली नाही.

तिसऱ्या दिवशी कडूबाई मुकादमाकडं गेली. दुपारची भाकर झाली होती, टोळी सावलीला बसली होती. सूर्यभान बाजेवर मांडी घालून चहा पीत होता.

"मुकादम, बाज द्या."

"हंगाम सपल्यावर ने की. कुठं पळून चाललीया ती?" त्यानं बशीत चहा ओतला. "तसं बघितलं तर ट्रकात आणायची न्हाई म्हून सांगितलं व्हतं मी. आणली कशी ते इचारलं न्हाई, ह्यात समजून घे."

कडूबाईनं थोडा विचार केला. "बरोबर हाय," ती म्हणाली. "लाकूड तुमच्या ट्रकातून आलं. लाकूड तुमाला ऱ्हाऊ द्या. पर सुतळीचा गुंडा मी मांडीवर घिऊन बसले व्हते. ती ट्रकानं न्हाई आणली, मी आणली."

असं म्हणून ती बाजेच्या पायथ्याशी उकिडवी बसली आणि ताण द्यायच्या दोरीची गाठ सोडली.

"काय करायलीस?"

"मपली सुतळी न्यायलेय."

"मी बसलोय."

"बसा की. मी तुमाला उठा म्हनले का?"

इथं सूर्यभाननं उठायला पाहिजे होतं. पण सगळी टोळी बघत होती, आणि एका बाईनं दोरी सोडली म्हणून मुकादम उठला असं त्याला होऊ द्यायचं नव्हतं. त्यानं बशी तोंडाला लावली. कडूबाईनं सुतळी ओढायला सुरुवात केली. ती घाई करत नव्हती. एक फेरा काढायचा, गुंड्यावर गुंडाळायचा, पुन्हा एक फेरा. पायथ्याकडून विणकाम मोकळं होत वर सरकत होतं. सूर्यभानच्या मांडीखाली बाज आधी ढिली झाली, मग तिला झोळ आला. त्यानं मांडी मोडून पाय सोडले. कडूबाईनं आणखी चार फेरे काढले.

मग मुकादमाची बैठक बाजेतून खाली उतरली. सावकाश उतरली, जात्यात ओलं धान्य उतरावं तशी. गुडघे वर आले, हनुवटीला लागले, फेटा कपाळावर आला, आणि बूड जमिनीला टेकायला वीतभर अंतर राहिलं असताना तो चौकटीत अडकला. हातातली बशी त्यानं सांडू दिली नव्हती, हे मान्य केलं पाहिजे.

कुणी हसलं नाही. हसायला श्वास लागतो आणि सगळ्यांनी तो रोखून धरला होता. कडूबाई राहिलेली सुतळी त्याच्या पाठीखालून, खांद्यामागून नीट काढून घेत होती. "जरा हिकडं व्हा," ती म्हणाली, आणि सूर्यभानला जमेल तेवढा तो इकडं झाला.

गुंडा काखेत मारून ती निघून गेली. ती कोपीत शिरेपर्यंत लोक थांबले, आणि मग जे हसणं झालं ते पलीकडच्या टोळीला ऐकू गेलं. मुकादमाला काढायला बन्सीधर आणि लिंबाजी पुढं झाले. बन्सीधरनं दांडी कुठून धरावी याचा बराच अंदाज घेतला. लिंबाजीनं आधी सूर्यभानच्या हातातली बशी घेतली, तिच्यातला उरलेला चहा पिऊन टाकला, आणि मग त्याच्या काखेत हात घातले. लिंबाजीच्या हातून असं काही झालेलं टोळीनं पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला कुणी तळमजला म्हणालं नाही.

सूर्यभाननं कारखान्यावरून नायलॉनची दोरी आणली. बाज विणायला त्यानं एकेकाला बसवलं. कुणालाच येत नव्हतं, ज्यांना थोडं येत होतं त्यांनाही आता येईना. शेवटी त्यानं स्वतः विणली. ती बाजेपेक्षा मासे धरायच्या जाळ्यासारखी झाली, आणि तिच्यावर पडला की कुठला तरी एक पाय खाली जायचा. मग त्यानं दोरी काढून टाकली. रिकामी चौकट त्याच्या कोपीबाहेर उभी राहिली आणि येणारे जाणारे तिच्यातून पलीकडं बघू लागले.

आठवडा असा गेला. कडूबाई पाचटावर झोपत होती, कुढत होती, पण गुंडा उशाला घेऊन झोपत होती.

मग एक दिवस मोळ्या भरून गाडी गेल्यावर सूर्यभान तिच्या चुलीपाशी आला. फेटा डोक्यावर नव्हता. तो चुलीपासून चार हातांवर उभा राहिला, मग खाली बसायला लागला. कडूबाई कांदा चिरत होती. तिनं सहज वर बघितलं आणि तिचा हात थांबला. सूर्यभान आधी एक हात जमिनीवर टेकत होता, मग एक गुडघा, मग दुसरा, आणि मधे दात आवळून थांबत होता. ती सगळी वाट तिच्या ओळखीची होती.

"कधीपासनं?" तिनं विचारलं.

"पाच-सहा वर्सं झाली, वैनी." तो बसला. "मोळी डोक्यावर घिऊन घसरलो व्हतो एकदा. मुकादम झालो ते त्याच्यामुळं. वाकायचं होईना. कुणाला सांगितलं न्हाई. कंबर गेलेल्या मुकादमाचं टोळी आयकंल का?"

"कंबर असलेल्याचं तरी कुठं आयकती?" कडूबाई म्हणाली. ती पुन्हा कांदा चिरू लागली. "मग बाज नेली तवाच सांगायचं व्हतं. साहेबाचं नाव कामून घेतलं?"

"ते तीन दिस लय बरं वाटलं," सूर्यभान म्हणाला. "तुमी इणलेली बाज लय चांगली हाय वैनी."

कडूबाईला राग होता, तो गेला नव्हता. पण पाठ दुखणारं माणूस तिला पाठ न दुखणाऱ्यापेक्षा जवळचं वाटायचं. तिनं विळी बाजूला सारली.

"बघा भाऊजी. चौकट हितं आणून ठिवा. मी इणते. रातच्याला बाज मपली. दुपारची बायांची, पाळीनं. तुमाला दिवस कलल्यावर भाकर हुईस्तोवर. त्याच्याआधी तानुबाईची पाळी असती, ती उठल्याबिगर बसायचं न्हाई."

"मी मुकादम हाय, वैनी."

"म्हून तर पाळी दिली. कारखान्याच्या चिठ्ठ्या फाडणारा चिटबॉय मागत व्हता, त्याला न्हाई दिली."

चौकट त्याच संध्याकाळी आली, लिंबाजीच्या डोक्यावर. कोपीपाशी ठेवून झाल्यावर तो बायकोला म्हणाला, "इचारून आणली. हितंच ठिवू का?" कडूबाईनं मान डोलावली. विणताना त्यानं तिच्यासमोर बसून दोरी ताणून धरली. ती ढिली पडली की ती नुसतं बघायची, आणि तो ताणायचा.

पुढचे चार महिने तसंच चाललं. दिवस कलला की सूर्यभान बाभळीपाशी यायचा. तानुबाई झोपलेली असायची. ती मुद्दाम उशिरा उठते की खरंच झोपलेली असते, हे त्याला कधी कळलं नाही. तो बाजेपासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसून राहायचा, बायका त्याच्या अंगावरून घागरी घेऊन जायच्या, चतुराबाईचं लेकरू रांगत येऊन त्याचा फेटा ओढायचं. पहिले चार-आठ दिवस तो इकडं तिकडं बघत खाकरायचा. नंतर लेकराला खेळवू लागला. पाळी आली की आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि एक असा आवाज काढायचा की कडूबाई चुलीपाशी बसून हसायची. एकदा भाकरी झाल्या, कालवण झालं, सगळ्यांची जेवणं झाली तरी तो उठला नाही. लिंबाजी त्याला हलवायला निघाला. कडूबाईनं त्याला हातानं थांबवलं आणि बाजेपाशी जाऊन सूर्यभानच्या पायांवर पोतं टाकलं. त्या दिवशी तिला झोपायला उशीर झाला. तिनं दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून एक दिवसाची पाळी कापून घेतली.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर सूर्यभान ट्रक ठरवून आला आणि चावडीवर त्यानं सांगितलं, की ज्याला बाज न्यायची त्यानं उसवून न्यावी, पाय पोत्यात घालू नयेत, माणसाला लागतात. सात जणांनी नेल्या. त्याच आठवड्यात त्यानं आपली स्वतःची नवी बाज, नुसती चौकट, कडूबाईच्या दारात आणून उभी केली आणि वर अंबाडीचा भारा ठेवला.

"वैनी, तेवढी इणून द्या की."

"बघते," कडूबाई म्हणाली.

तिनं ती चौकट दहा दिवस तशीच भिंतीला उभी ठेवली. सूर्यभान रोज येऊन बघून जायचा.